वैतरणेकाठचा प्रश्न

विरारहून डहाणूकडे निघालेली लोकल वैतरणा स्थानक सोडून खाडीवरील पुलांवर चढते, तेव्हा डब्यातील बोलणी थांबतात. लोखंडाच्या खडखडाटात शेजाऱ्याचा शब्दही कानी पडत नाही. सफाळे जवळ आले की तुटलेला धागा पुन्हा जुळतो आणि चर्चा पूर्ववत सुरू होते. ही लोकल डहाणूपर्यंत जाऊ लागली ती १६ एप्रिल २०१३ पासून. त्याआधी शटल आणि मेमू गाड्यांतही हेच चालत असे. या डब्यांत बोईसरच्या कारखान्यांतील पाळीचे कामगार असतात, पालघरच्या कचेऱ्यांतील कर्मचारी असतात, शिक्षक असतात, मासळी विकून रिकाम्या टोपल्या घेऊन परतणाऱ्या कोळिणी असतात. समाजमनाचा कानोसा घ्यायचा तर सर्वेक्षणांपेक्षा हा डबा अधिक प्रामाणिक आहे.

या डब्यात तंत्रज्ञान, काम आणि शिक्षण यांविषयी तीन मते हमखास ऐकू येतात. पहिले असे की, मोबाइलने मुलांची एक पिढी वाया घालवली. दुसरे असे की, आता संगणक आणि ही नवी कृत्रिम बुद्धिमत्ता माणसाच्या हातचे काम काढून घेणार. तिसरे मत या दोहोंतून आपोआप निघते : असे असेल तर मुलांनी नोकरी लागेल तेवढेच शिकावे, बाकीच्या उचापती कशाला? पहिल्या दोन मतांत तथ्य आहे आणि त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस चिंता वाटते ती तिसऱ्याची. कारण ते मत कोणा नतद्रष्टाचे नाही. ते मुलांच्या काळजीने जागणाऱ्या आईवडिलांचे आहे, आपल्या शाखेत, आपल्या संस्कार वर्गात मुलांना नियमाने पाठवणाऱ्या कुटुंबांचे आहे. मुलाने काही नवे विचारले, कुठे वेगळेच पुस्तक काढून बसला, की ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न त्याच्या अंगावर पडतो. आणि मूल गप्प होते.

या प्रश्नाचा विचार वैतरणेच्या काठीच करावा, याला कारण आहे. त्र्यंबकेश्वरच्या ज्या डोंगररांगांत गोदावरी उगम पावते, त्याच परिसरात वैतरणाही उगम पावते. एक पूर्वेला जाऊन दक्षिणगंगा झाली, दुसरी पश्चिमेला उतरून ठाणे-पालघरच्या वनांतून अरबी समुद्राला मिळाली. या धाकट्या बहिणीच्या वाट्याला मुंबईची तहान भागवण्याचे काम आले. १९५७ मध्ये तिच्यावर पहिले मोठे धरण झाले; मुंबईचे नामवंत नगर अभियंता नानासाहेब मोडक यांच्या नावाने त्या जलाशयाला मोडकसागर म्हणतात. पुढे ऊर्ध्व वैतरणा झाले, आणि अलीकडे मध्य वैतरणा. दादर-गिरगावच्या घरात नळ सोडणाऱ्या किती जणांना हे पाणी कोठून येते हे ठाऊक असते, कोण जाणे! आणि ज्या पाड्यांच्या शेजारून ते पाणी जाते, तेथे चैत्र-वैशाखात हंडे घेऊन चालणाऱ्या स्त्रियांनी धरण म्हणजे काय, हे विचारण्याचे कारणच उरत नाही. पाणी अडवण्याची विद्या एकीकडे आणि पाण्याची तहान दुसरीकडे, अशी ही वाटणी आहे. खाडीतील वाढीव आणि वैतीपाड्याच्या रहिवाशांनी वर्षानुवर्षे जीव मुठीत धरून रेल्वेपुलावरून चालत स्थानक गाठले, तेही याच वाटणीचे एक रूप.

वीज पाहा. वैतरणेपासून उत्तरेला गाडीने थोडेच अंतर गेले की बोईसर, आणि तेथून समुद्राकडे तारापूर. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूरच्या दोन अणुभट्ट्यांतून व्यापारी तत्त्वावर वीज मिळू लागली. भारतातील हे पहिले अणुवीज केंद्र. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने ते उभारून दिले होते आणि त्यासाठी लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिकेनेच पुरवायचे, असा १९६३ चा करार होता. आपल्या बाजूने पाहता व्यवहार चोख होता : यंत्र त्यांचे, इंधन त्यांचे, वीज आपली. ‘उपयोग काय?’ या कसोटीवर याहून उत्तम सौदा कोणता? बटण दाबावे आणि दिवा लागावा.

मग १८ मे १९७४ रोजी पोखरणची चाचणी झाली आणि इंधनाच्या पुरवठ्यात अडथळे येऊ लागले. १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला, आणि करार हातात असूनही पुरवठा आटत गेला. १९८२ मध्ये फ्रान्सकडून इंधन मिळण्याची व्यवस्था झाली. तीही १९९३ पर्यंत. त्यानंतर चीन, मग रशिया. स्वतंत्र राष्ट्राच्या एका वीज केंद्राला दुसऱ्यांच्या दारात अशी किती वेळा उभे राहावे लागावे! स्वाभिमानी मनाला हा इतिहास झोंबतो, आणि झोंबलाच पाहिजे. परंतु झोंबून थांबण्याची आपल्याला सवय आहे. पुढे काय घडले, हे अधिक महत्त्वाचे आहे.

तारापूर बंद पडले नाही. ते चालवणारी माणसे केवळ बटण दाबणारी नव्हती, म्हणून पडले नाही. डॉ. होमी भाभा यांनी १९५७ मध्ये, म्हणजे देशात एकही अणुवीज केंद्र नसताना, तुर्भ्याला प्रशिक्षण शाळा सुरू केली होती. त्या वेळी एखाद्या हिशेबी माणसाने विचारले असते की, भट्टी नाही, इंधन नाही, मग ही पोरे शिकून करणार काय? शिकलेल्या त्या पोरांनी पुढे युरेनियम आणि प्लुटोनियम यांचे मिश्र इंधन देशात तयार केले आणि ते तारापूरच्या जुन्या भट्ट्यांत वापरूनही पाहिले. त्याच तारापुरात पुढे समृद्ध युरेनियमाची गरजच नसलेल्या, नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी यांवर चालणाऱ्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या भारतीय अभियंत्यांनी स्वतःच्या आराखड्याने उभारल्या. त्यांतील पहिली ६ मार्च २००५ रोजी प्रज्वलित झाली. त्या काळी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते मुंबईच्या व्हीजेटीआयमधून यंत्र अभियांत्रिकी शिकून १९६४ मध्ये तुर्भ्याला रुजू झालेले डॉ. अनिल काकोडकर. स्वदेशीचा अर्थ विदेशी साबण न वापरणे एवढाच समजणाऱ्यांनी तारापूर एकदा समजून घ्यावे. जो यंत्र वापरतो तो यंत्र देणाऱ्याच्या अधीन असतो. ते कसे चालते हे ज्याला ठाऊक असते, त्याला अधीन ठेवता येत नाही. आणि ते ठाऊक करून घेणे नेहमी उपयोगाच्या पुष्कळ आधी सुरू झालेले असते.

आता हाच प्रश्न तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत घेऊन जाऊ. तेथे रासायनिक कारखान्यांत आग लागली, स्फोट झाला, अशा बातम्या इतक्या वेळा येतात की वाचणाऱ्याच्या मनावर ओरखडाही उठत नाही. जानेवारी २०२० मध्ये अशाच एका स्फोटात अनेकांचे प्राण गेले. दोष कोणाचा, हे चौकशीचे आणि न्यायालयाचे काम. आम्ही निराळ्या बाजूने पाहत आहोत. कंत्राटी कामगाराला पहिल्या दिवशी सांगितले जाते : हा काटा इथपर्यंत आला की ही कळ फिरवायची. का फिरवायची, हे सांगितले जात नाही, आणि तोही विचारत नाही. पिंपावरची सूचना इंग्रजीत असते. रसायनांच्या अनेक क्रियांतून उष्णता बाहेर पडते. ती भोवतीच्या थंड पाण्याने काढून घ्यावी लागते. पाणी थांबले की तापमान चढते, तापमान चढले की क्रिया वेग घेते, वेग वाढला की उष्णता आणखी वाढते, आणि काही मिनिटांत ते पात्र कोणाच्याच आवाक्यात राहत नाही. हे एवढे चक्र ज्याला कळले आहे, तो काटा जरा विचित्र हलू लागताच सावध होतो, ओरडतो, पळतो, दुसऱ्यांना पळवतो. ज्याला फक्त कळ फिरवणे ठाऊक आहे, तो काटा खुणेवर येण्याची वाट पाहत उभा राहतो. ‘का’ ठाऊक असणे ही तेथे चैन नसून जीवनमरणाची गोष्ट आहे. मजुराला हातापुरता ठेवणारी व्यवस्था त्याच्या मजुरीबरोबर त्याचे डोकेही कमी लेखते.

भारतीय मजदूर संघाने १७ सप्टेंबरचा विश्वकर्मा दिन श्रमिकांचा दिवस म्हणून रूढ केला, त्यामागे हीच दृष्टी होती. विश्वकर्मा घडवतो तेही जाणतो आणि कसे घडते तेही. दत्तोपंत ठेंगडींनी स्वतःच्या अवजारांवर जगणाऱ्या सुतार, लोहार, कुंभार यांना श्रमिकांच्या विचारात मानाचे स्थान दिले, ते उगाच नव्हे. येथे एक प्रांजळ कबुलीही द्यायला हवी. १९८४ हे वर्ष मजदूर संघाने संगणकीकरणविरोधी वर्ष म्हणून पाळले होते. यंत्र आले की माणसाचे काय, हा तेव्हाचा प्रश्न मुळीच चुकीचा नव्हता, आज तो पुन्हा दारात उभा आहे. परंतु त्या वेळी आपण संगणक येऊ नये यासाठी जेवढी शक्ती खर्च केली, तेवढीच तो उघडून आत पाहण्यासाठी खर्च केली असती तर बरे झाले असते, असे आज मागे वळून पाहताना वाटते. संगणक यायचा तो आला. तो आत कसा चालतो, हे जाणणारे आपल्या कामगारवस्त्यांतून किती निघाले, याचे उत्तर फार अभिमानाचे नाही.

याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे तेथील कार्य महाराष्ट्राला नावाने ठाऊक आहे. तपशिलाने फारसे नाही. (वैतरणेचे धरण एका मोडकांच्या नावाने आणि ही बालशाळा दुसऱ्या मोडकांची, हा आडनावांचा योगायोग आम्हांस नेहमी गमतीचा वाटतो.) ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरला बालशिक्षणाचे काम केले होते. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि तेथे त्यांना अनुताई येऊन मिळाल्या. अनुताईंचा विवाह तेराव्या वर्षी झाला होता आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या होत्या. त्या काळच्या समाजाने अशा मुलीला ‘आता शिकून उपयोग काय?’ हेच विचारले असते. त्या शिकल्या, आणि पुढची जवळजवळ अर्धी शंभरी त्यांनी दुसऱ्यांची मुले शिकवण्यात घालवली. १९५७ मध्ये काम कोसबाडला आले, वारली पाड्यांच्या मध्यावर.

तेथे त्यांनी केले काय? माँटेसरी पद्धतीची साधने महाग; गोरगरिबांच्या मुलांसाठी ती आणायची कोठून? त्यांनी शंख-शिंपले, बिया, गोटे, पाने, काड्या गोळा केल्या आणि मोजणे, रंग ओळखणे, लहानमोठे लावणे हे सारे त्यांतून शिकवले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज देशाच्या कानाकोपऱ्यात सरकारी फलकांवर दिसतो. त्याची मुळे या टेकडीच्या परिसरात आहेत. पण आमच्या मते सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे कुरणशाळा. गुरे चारायला जाणारा मुलगा शाळेत येऊ शकत नाही, कारण त्याच्या कामावर घर चालते. त्याला कामावरून ओढून आणण्याऐवजी या बाई कुरणात गेल्या. गुरे चरत आहेत, मुले झाडाखाली बसली आहेत, आणि जे समोर आहे तेच पाठ्यपुस्तक आहे. हे गवत गुरे खातात आणि ते का खात नाहीत? मुंग्या पावसाआधी कोठे निघाल्या? काम आणि शिक्षण यांत भिंत नाही, आणि शिक्षणाची सुरुवात मुलाच्या डोळ्यांसमोरच्या नवलापासून, हे तत्त्व तेथे चोपन्न शैक्षणिक अहवालांच्या आधी आचरले गेले होते. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. या दोघी आपल्या विचारपरिवारातील नव्हत्या. त्याने काही बिघडत नाही. चांगले काम कोणत्या मांडवात झाले हे पाहून नमस्कार करायचा, ही रीत आपली नव्हे. आपल्याही परिवाराने याच भूमीत तप केले आहे. तलासरीला माधवराव काणे यांनी वनवासी मुलांसाठी उभे केलेले केंद्र आणि वसतिगृह हे त्याचे ठळक उदाहरण. तेथून शिकून निघालेल्यांनी या भागाचे सार्वजनिक जीवन बदलले. आता पुढचा टप्पा कोणता, याचा विचार करताना कोसबाडची टेकडीही डोळ्यांसमोर असावी, एवढेच सांगणे आहे.

डहाणू तालुक्यातीलच गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक लिहायचा तो सुवासिनींनी, आणि तोही लग्नप्रसंगी. या माणसाने प्रसंग नसताना, मागणी नसताना चित्रे काढायला घेतली. रोज काढू लागला. एका पुरुषाने बायकांचे काम विनाकारण करावे, याचा उपयोग त्याच्या पाड्यावर कोणाला दिसला असेल? १९७० च्या दशकात ती चित्रे बाहेरच्या जगाने पाहिली. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि २०१८ मध्ये ते गेले तेव्हा वारली चित्रकला जगभर पोहोचली होती. आज साडीवर, चहाच्या कपावर, विमानतळाच्या भिंतीवर ती दिसते आणि अनेकांचे पोट तिच्यावर चालते. उपयोग मागून चालत आला. तो आधी बोलावून आणता येत नाही.

आता घरात येऊ. वैतरणा या नावाने कोणाही हिंदू मनाला यमलोकाच्या वाटेवरील ती दुस्तर नदी आठवते, आणि यमाचे नाव निघाले की नचिकेत आठवावा. कठोपनिषदातील ही कथा आपण मुलांना सांगतो, परंतु तिची सुरुवात घाईने ओलांडतो. वडील यज्ञात दान देत आहेत. दानाला काढलेल्या गाई म्हाताऱ्या, भाकड आहेत. मुलाला ते दिसते. तो विचारतो, मला कोणाला देणार? वडील लक्ष देत नाहीत. तो पुन्हा विचारतो. तिसऱ्यांदा विचारतो तेव्हा वडील संतापतात आणि म्हणतात, तुला मृत्यूला दिले. आपल्या घरातील संध्याकाळ आठवून पाहावी. दमून आलेले वडील, तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारणारे मूल, आणि तोंडातून निघालेला तो शब्द! पुढे यमाच्या दारात तीन रात्री उपाशी राहिलेल्या त्या मुलाला यम संपत्ती देऊ करतो, हत्ती-घोडे, दीर्घायुष्य, राज्य देऊ करतो. आजच्या भाषेत गलेलठ्ठ पॅकेज देऊ करतो. मुलगा म्हणतो, हे तुझे तुलाच राहू दे, माझ्या प्रश्नाचे उत्तर दे. आणि यम रागावत नाही. असा विचारणारा आम्हांला मिळत राहो, असेच तो म्हणतो. ज्या परंपरेने मृत्यूला शिक्षक केले आणि मुलाला प्रश्नकर्ता, त्या परंपरेच्या घरात प्रश्न विचारणे हा उर्मटपणा कधीपासून ठरला?

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीची आमची काळजीही येथेच आहे. ती नोकऱ्या किती खाईल, याचे भाकीत करणारे पुष्कळ आहेत. मुलाच्या मनात प्रश्न पुरता पिकण्याआधी यंत्र उत्तर हातात ठेवते, हे त्याहून गंभीर आहे. पूर्वी उत्तर मिळेपर्यंत दोन दिवस जात, त्या दोन दिवसांत मूल दहा तर्क करी, नऊ चुकत, आणि ते चुकणे हेच शिक्षण असे. तरीही यंत्रावर सारा राग काढणे अन्यायाचे होईल. ते निदान रागावत नाही. मुलाला घरात, वर्गात आणि (स्पष्टच लिहितो) आपल्या काही वर्गांतही जर ‘गप्प बस’ ऐकायला मिळत असेल, तर तो त्या यंत्राकडे जाणारच. डॉ. जयंत नारळीकर मुलांना स्वाक्षरी देत नसत; पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, मग मी सहीनिशी उत्तर देईन, असे सांगत. २०२५ मध्ये ते गेले. फलज्योतिषाविषयीची त्यांची मते आपल्या अनेक वाचकांना रुचली नसतील, पण स्वाक्षरीच्या बदल्यात प्रश्न मागणारा हा माणूस नचिकेताच्या यमाची परंपरा चालवत होता, हे मान्य करावे लागेल.

रुचत नाही अशा आणखी एका गोष्टीविषयी लिहायचे आहे. जिज्ञासा मारण्याचा एक खास आपला प्रकार आहे, तो म्हणजे ‘हे सगळे आपल्याकडे आधीच होते’ असे म्हणून मोकळे होणे. विमान होते, अणू होता, सर्व होते. मग शोधायचे काय राहिले? पूर्वजांचा गौरव करण्यासाठी काढलेले हे वाक्य पूर्वजांच्या मार्गालाच कुलूप घालते. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे उदाहरण पाहा. जन्म १८५३, मृत्यू १८९८, पेशाने शाळामास्तर. या माणसाने उभ्या आयुष्यात वेदांपासून पंचांगांपर्यंतचे सारे ज्योतिषग्रंथ मिळवले, वाचले, त्यांतील गणिते स्वतः करून पाहिली, आणि १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा प्रचंड ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल या इंग्रज अधिकाऱ्यासोबत केलेला भारतीय कालगणनेवरील त्यांचा ग्रंथही निघाला. जे आपले होते ते त्यांनी आकडे देऊन आपले म्हटले. जेथे ग्रंथांची गणिते आकाशाशी जुळत नव्हती, तेथे तेही लिहिले. युरोपीय पंडितांच्या तोंडावर पुरावा ठेवून बोलण्याचे सामर्थ्य त्यांना आले ते या खरेपणामुळे. पगार वाढावा म्हणून त्यांनी हे केले नाही. शाळामास्तरला ग्रहगणिताचा उपयोग तो काय! परंपरेवर प्रेम करण्याची ही रीत कष्टाची आहे. घोषणा देण्याची सोपी.

हे सारे आज लिहिण्याला निकडीचे कारण आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले. बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला होत आहे. १ ऑगस्ट २०१४ ला जन्मलेल्या या तरुण जिल्ह्यात पुढील काही वर्षांत जी उलथापालथ होईल, ती तारापूरनंतर प्रथमच. आजवर या भूमीने पाणी दिले, वीज दिली, जागा दिली. तारापूरच्या नव्या भट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी या गावांनी आपली घरे दिली. मोबदल्याचे आकडे फाइलींत असतील. परंतु या भूमीच्या मुलांना त्या प्रकल्पांची विद्या किती मिळाली, असे विचारले तर दारावरचा पहारेकरी, उपाहारगृहातला पोऱ्या आणि कंत्राटी सफाईवाला हेच बहुतांशी डोळ्यांसमोर येतात. बंदर झाल्यावरही हीच वाटणी राहणार असेल, तर राष्ट्राची प्रगती झाली असे म्हणताना आपला आवाज थोडा खाली यायला हवा.

बंदराविषयी सध्या दोनच सूर कानी येतात. एक म्हणतो, विकासाला विरोध करणारे देशाचे शत्रू. दुसरा म्हणतो, बंदर म्हणजे सर्वनाश. या दोन्ही सुरांत ज्याला जागा नाही असा एक प्रश्न आहे. वाढवण, वरोर, सातपाटीच्या किनाऱ्यावर वाढलेले एखादे मूल तो सहज विचारील : समुद्रात एवढा लांब बांध घातला, तर दरवर्षी लाटांबरोबर इकडून तिकडे जाणारी वाळू जाईल कुठे? ओहोटीला उघडे पडणारे खडक, त्यांच्या कपारीत अंडी घालायला येणारे मासे, पापलेटाची जाळी कधी टाकायची आणि कधी नाही हे वाऱ्यावरून ओळखणारा आजोबा, हे सारे त्या मुलाने पाहिलेले असते. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झाला तो कागदावर. सातपाटीच्या घराघरांत त्याचे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले गेले आहे. त्या मुलाला आपल्यातील एखादा उत्साही कार्यकर्ता म्हणेल, ‘तू कोणाच्या बाजूचा?’ आणि विरोधकांतील एखादा म्हणेल, ‘असले प्रश्न विचारायचे नसतात, घोषणा दे.’ दोघेही त्याच्या प्रश्नाला सारख्याच निर्दयपणे ठार करतील.

वास्तविक हा प्रश्न आपल्या देशातील नामवंत अभियंत्यांचाही आहे. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत बंदरांच्या, खाड्यांच्या, नद्यांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांत पाणी खेळवतात, लाटा उठवतात, गाळ कुठे साचतो आणि किनारा कुठे झिजतो हे मोजतात. म्हणजे सातपाटीच्या वाळूत बसून मुलाने जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न तेथे पगार घेऊन विचारला जातो. अंतर आहे ते फक्त गणिताचे आणि उपकरणांचे. ते ओलांडता येते. ते ओलांडणारी दहा मुले जरी या किनाऱ्यावरून निघाली, तरी उद्या बंदराच्या कचेरीत वाळूविषयी बोलताना समोरच्याला आकडे तपासून घ्यावे लागतील. आणि तो बोलणारा बंदराच्या बाजूचा की विरुद्ध, हे विचारण्याची गरजही कोणाला भासणार नाही.

पालघर, बोईसर, डहाणू परिसरातील कार्यकर्त्यांना म्हणून एक साधी सूचना करावीशी वाटते. उन्हाळी सुट्टीतील वर्गांचे कार्यक्रम आखले जातील, तेव्हा एक दिवस ओहोटीच्या वेळी केळवे किंवा सातपाटीच्या किनाऱ्यावर मुलांना न्यावे, सोबत एखाद्या वृद्ध कोळी बांधवाला घ्यावे आणि त्या दिवशी बौद्धिक ठेवू नये. मुलांनी विचारलेले प्रश्न कोणीतरी वहीत उतरून घ्यावेत. उत्तर ठाऊक नसेल तेथे ‘मला ठाऊक नाही’ असे मोठ्याने सांगावे. पुढच्या सुट्टीत रीतसर परवानगी घेऊन तीच मुले आणि तीच वही खडकवासल्याला नेता आली, तर पाहावे.